विहारात आला म्हणून मत?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वस्तीतील विहारात पांढरेशुभ्र कपडे घातलेले उमेदवार येऊ लागतात. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, त्रिसरण सुरू झाले की नुसते ओठ हलवतात. हेच गृहस्थ सकाळी मंदिरात टिळा लावून आलेले असतात. तरीही आपले धम्मबांधव म्हणतात, ‘माणूस चांगला आहे, विहारात आला!’ पोरांची शिष्यवृत्ती का रखडली, हे विचारायचे राहूनच जाते.

धर्माच्या नावावर मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचरण आहे. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले. बाळ ठाकरे यांनी जाहीर सभांतून हिंदू म्हणून मते मागितली होती. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये ही निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली, पण कधी? ११ डिसेंबर १९९५ रोजी! ती विधानसभा १९९० मध्येच संपली होती. ठाकरे यांचा मताधिकार गेला तो १९९९ मध्ये. आणि त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशी प्रकरणात न्यायालय म्हणाले की, महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल असे म्हणणे निंद्य असले तरी ते धर्माच्या आधारे मत मागणे नव्हे. वकिली करूनही मला हा फरक आजवर पटलेला नाही.

पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की, केवळ उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावावरही मत मागता येणार नाही. आपल्यातील अनेकांना आनंद झाला. मी मात्र अस्वस्थ होतो. कारण त्याच कलमात ‘जात’ हा शब्दही आहे. उद्या आपल्या उमेदवाराने खैरलांजीवर बोलायचे नाही काय? जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय मांडणे आणि ‘मी तुमच्या देवाचा’ म्हणून मत मागणे या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालता येतील? अल्पमतातील तीन न्यायमूर्तींनी नेमकी हीच चिंता नोंदवली आहे.

पण कायदा बोलणाऱ्याचे तोंड धरू शकतो, मतदाराच्या मनात शिरू शकत नाही. मतदानयंत्रासमोर कपाळावरचा टिळा पाहून बटण दाबणाऱ्याला कोणते कलम अडवणार? आणि मेणबत्ती पाहून बटण दाबणाऱ्याला? राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला, तो फक्त इतरांसाठी नव्हता.

मागच्या निवडणुकीत आम्ही विहारात नियम केला. उमेदवाराने वंदनेला जरूर यावे, पण नंतर अर्धा तास सतरंजीवर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत. चौघे आले. दोघांना अचानक दुसऱ्या सभेची आठवण झाली.