नुकसान कुणाचं मोजायचं?



सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात पूर आला, त्यानंतर मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात बचतगटाच्या बायकांना भेटायला गेले होते. पिकांचे पंचनामे चालू होते. सातबारा पाहून नावं लिहिली जात होती. एक मजूर बाई म्हणाली, "ताई, सोयाबीन मालकाचं गेलं. पण काढणीची माझी मजुरी गेली, ती कोण लिहिणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

तिच्या प्रश्नाचा हवामानाच्या जागतिक करारांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तो अगदी थेट वाटतो.

१९९२मध्ये रिओच्या परिषदेत हवामान बदलाच्या मूळ करारावर सह्या सुरू झाल्या. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य झालं. मात्र अख्ख्या करारात स्त्रियांचा उल्लेख नाही! १९९७च्या क्योटो करारानं श्रीमंत देशांवर प्रदूषक वायू घटवण्याचं बंधन घातलं. अमेरिकेनं तो कधीच मंजूर केला नाही. २०१५च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचं ठरलं. पण किती घट करायची हे ज्या त्या देशानं ठरवायचं, आणि शब्द मोडला तर दंड नाही. त्याच्या प्रस्तावनेत स्त्री-पुरुष समानता आली, त्यामागे जगभरच्या स्त्री-संघटनांचा रेटा होता.

गरीब देशांनी तीस वर्षं लावून धरल्यावर २०२२मध्ये इजिप्तच्या परिषदेत 'हानी व नुकसान' निधी मान्य झाला. २०२३मध्ये दुबईत तो सुरू झाला, तेव्हा जमलेली आश्वासनं होती सुमारे ७० कोटी डॉलरची. तीही ऐच्छिक. म्हणजे भरपाई नव्हे, देणगीच!

धूर त्यांचा आणि पूर आमच्या दारात, हे त्यांना ठणकावून सांगायलाच हवं. पण हाच न्याय आपण आपल्या गावात लावतो का? या निधीतला पैसा कुठल्याही देशात पोचो, शेवटी तो मालकीच्या कागदावर वाटला गेला, तर भूमिहीन मजूर, नावावर जमीन नसलेली विधवा, एकटी बाई पुन्हा यादीबाहेरच. बुडालेली रोजंदारी, वाहून गेलेल्या कोंबड्या, शाळा सुटलेली मुलगी हे नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. पूर असो वा दुष्काळ, आपल्या गटानं आपली वही ठेवावी. किती दिवसांची मजुरी गेली, पाण्यासाठी किती फेऱ्या वाढल्या, कुणी कर्ज काढलं, हे तारखेनिशी लिहावं आणि ग्रामसभेत वाचून नोंदवून घ्यावं. जागतिक परिषदेत आपल्या बाजूनं बोलणाऱ्या मैत्रिणींनाही असाच पुरावा लागतो.

तुमच्या गटात यावर बोला. वही सुरू केलीत तर आम्हाला जरूर कळवा. त्या बाईला द्यायचं उत्तर अजून बाकी आहे.