परिचारिकेची पुढची पायरी

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत दरवर्षी तेच ऐकू येते. गुण कमी पडलेला मुलगा असेल तर ‘अजून एक वर्ष बसू दे’ आणि मुलगी असेल तर ‘नर्सिंगला टाकून द्या’. ‘टाकून द्या’ म्हणताना आपण त्या पेशाची किंमतही ठरवून टाकतो. आपल्या मोहल्ल्यांत वर आणखी एक प्रश्न असतो: रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळ कुठून आणायचे?

हा प्रश्न मुसलमानांनी विचारावा याचे मला नवल वाटते. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआझ (रजि.) यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या मशिदीतच तंबू उभारायला लावला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांचे नाव सीरतच्या ग्रंथांत याच तंबूशी जोडलेले आहे. जुम्म्याच्या बयानात खिदमतीवर आपण खूप ऐकतो, पण घरातल्या मुलीने तीच खिदमत पगार घेऊन करायची म्हटली की कपाळाला आठ्या पडतात.

पण आज मला त्या मुलीच्या पुढच्या वाटेबद्दल बोलायचे आहे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून ती वॉर्डात लागते आणि वीस वर्षांनीही बहुधा वॉर्डातच असते. फार तर इन्चार्ज सिस्टर होते. तिने या काळात जे पाहिलेले असते, त्याचा उपयोग करून घेणारी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही.

काय पाहिलेले असते? किल्लारीचा भूकंप आठवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा संकटात मणक्याला मार लागून कंबरेखालचे अंग गेलेल्या माणसाचा विचार करा. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे मात्र जन्मभराचे असते आणि ते घरच्यांना शिकवते ती नर्स. मग प्रश्न येतो घराचा. कमावता माणूस खाटेवर, बायको मजुरीला, सासू दोष सुनेच्या पायगुणाला देणार. त्यानंतर येतात प्रमाणपत्र, खुर्ची, पेन्शन, मुलांची शाळा. दुखणे एकच, पण त्याचे तीन मुक्काम: शुश्रूषा, कुटुंब आणि दिव्यांगांचा हक्क. पहिल्या मुक्कामावरची बाई पुढच्या दोन्ही ठिकाणी पोचावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कुटुंबाला उपचारात घेणे ही काही परदेशी चैन नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. घरच्यांना आजार समजला आणि रुग्ण घरी परतू लागले. आपल्या घरांत तर याची गरज जास्तच आहे. मतिमंद मूल झाले की ‘नजर लागली’ म्हणतात, मूल आतल्या खोलीत आणि त्याची आई आयुष्यभर बिनपगारी नर्स. अशा घरात दादीशी दखनीत बोलणारी आणि पंचायत समितीत मराठीत अर्ज लिहून भांडणारी बाई हवी. आपल्या मुली या दोन्ही भाषा घेऊनच मोठ्या होतात. हे भांडवल बाहेरून आणता येत नाही.

कायदाही आज बाजूने आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आले. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने नर्सला या क्षेत्रातली व्यावसायिक म्हणून जागा दिली. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. 2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. काम आहे, पण ते चालवणारी माणसे कमी आहेत. आणि संस्था असली तरी प्रमुखाच्या खुर्चीवर बहुतेक वेळा संस्थाचालकाचा जावईच दिसतो.

त्या खुर्चीवर आपली बाई बसू शकते का? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी हे दाखवून दिले आहे. ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीवर आलेल्या या मराठी मुस्लिम बाईंनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, वसतिगृह आणि शाळा चालवली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्या प्रत्येक उर्दू-मराठी शाळेच्या ग्रंथालयात असायला हवे. त्या नर्स नव्हत्या, पण परावलंबन म्हणजे काय हे त्यांनी अंगावर सोसले होते. वॉर्डात वर्षे काढलेल्या नर्सने ते रोज जवळून पाहिलेले असते.

म्हणून आपल्या जमातींना आणि शिक्षणसंस्थांना माझी एक सूचना आहे. दरवर्षी तीन चाकी सायकली वाटून फोटो काढतो, ते चालू राहू द्या. सोबत सदक्याच्या पैशातून नांदेड आणि लातूरमधल्या दोन अनुभवी नर्स निवडा. त्यांना एमएसडब्ल्यू किंवा मनोरुग्ण-परिचर्येचे शिक्षण द्या आणि शिकण्याच्या काळात बुडणारा पगार भरून द्या. बदल्यात आठवड्यातला एक दिवस त्यांनी मोहल्ल्यातल्या घरांसाठी द्यावा. पाच वर्षांत दहा जणी होतील. दोन जिल्ह्यांसाठी ही काही छोटी गोष्ट नाही.

अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. प्रेषित (स.) मदिनेबाहेर जाताना अनेकदा शहर त्यांच्या हवाली करून जात. दिव्यांगाला नुसती मदत न देता जबाबदारी देण्याचा हा धडा आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. निदान त्यांची सेवा करणारीला तरी दारावरच्या स्टुलावरून उठवून आतल्या खुर्चीवर बसवू या.