तो आवडतो, म्हणून तो खरा?

या आठवड्याच्या टपालात पुणतांब्याहून एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. नाव छापू नका असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. पण तिचा प्रश्न तुम्हा सगळ्यांपुढं ठेवण्याजोगा आहे. ती लिहिते, 'टीव्हीवरच्या कुणाला वाईट वागल्याबद्दल काढून टाकलं की आमच्या घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. आई म्हणते, एवढा गुणी माणूस असं करणारच नाही. मामा म्हणतो, विस्तव असल्याशिवाय धूर निघत नाही. किरण माने यांच्या वेळी तर जेवताना भांडण झालं होतं. मला जो आवडतो त्याच्या बाजूनं मी बोलले, तर माझं चुकतं का?'

बघा, किती सरळ प्रश्न! उत्तर मात्र तितकं सरळ नाही. आपण ते सावकाश शोधू या.

आधी माने यांचं प्रकरण काय होतं ते आठवू. 'स्टार प्रवाह'वर 'मुलगी झाली हो' नावाची मालिका लागायची. त्यात विलास पाटील नावाच्या बापाचं काम साताऱ्याचे किरण माने करायचे. जानेवारी २०२२मध्ये त्यांना मालिकेतून अचानक काढण्यात आलं. माने यांचं म्हणणं, 'मी फेसबुकवर राजकीय मतं लिहितो, ती कुणाला तरी खुपली, म्हणून माझं काम गेलं.' वाहिनीचं म्हणणं, 'राजकारणाचा इथं काही संबंध नाही. सहकलाकारांशी, विशेषतः मालिकेच्या नायिकेशी, त्यांचं वागणं बरं नव्हतं. ताकीद देऊनही फरक पडला नाही.' माने यांनी हे आरोप साफ नाकारले.

झालं! दोन-चार दिवसांत महाराष्ट्रभर दोन तट पडले. 'आम्ही किरण माने यांच्या पाठीशी' असं लिहून कितीतरी लोक उभे राहिले. तितकेच लोक उलट बाजूनं तुटून पडले. पुढारी बोलले, लेखक बोलले, नट बोलले. मालिकेचं चित्रीकरण सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या गुळुंब गावात चालायचं. तिथल्या ग्रामपंचायतीनं चित्रीकरण थांबवायला सांगितल्याच्या बातम्याही आल्या. गंमत अशी, की ज्यांना माने यांची राजकीय मतं पटत होती त्यांतल्या बहुतेकांना ते निर्दोष वाटले, आणि ज्यांना ती मतं खटकत होती त्यांतल्या बहुतेकांना ते दोषी वाटले. आता सांगा, फेसबुकवर कोण काय लिहितो यावरून तो सेटवर कसा वागतो हे कसं कळणार? दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण माणसं तसा जोडतात खरा.

त्याच मालिकेत काम करणाऱ्या काही जणी माने यांच्याविरुद्ध बोलल्या, तर काही जणी त्यांच्या बाजूनं बोलल्या. लोक लगेच म्हणायला लागले, म्हणजे यांतल्या कुणीतरी खोटं बोलतंय. तसंच असेल असं नाही हं. एखादा माणूस माझ्याशी चांगला वागला, तर त्यातून एवढंच कळतं की तो माझ्याशी चांगला वागला. दुसऱ्याशी तो कसा वागला, हे दुसऱ्यालाच विचारायला हवं. आणि त्याच्याविरुद्ध कुणी बोललं, तर तेवढ्यावरून तो दोषीही ठरत नाही. दोन्हीकडचं ऐकून, पुरावा बघून, ज्याचं त्यात काही अडकलेलं नाही अशा माणसानं ठरवायला हवं. महाराष्ट्रानं मतं ठरवली तेव्हा असा कुठला चौकशी अहवाल कुणी वाचला नव्हता. लोकांच्या हातात होत्या त्या फक्त मुलाखती आणि आपापली आवड-नावड.

आता थोडं लांब, विलायतेला जाऊ. तिथं असंच एक प्रकरण झालं, पण त्यात चौकशी झाली आणि तिचा निष्कर्षही लोकांना सांगितला गेला. म्हणून ते आपल्या कामाचं आहे.

बीबीसीवर 'टॉप गिअर' नावाचा मोटारगाड्यांचा कार्यक्रम होता. जगभर लोकप्रिय. त्याचा मुख्य निवेदक जेरेमी क्लार्कसन. उंचापुरा, बोलायला तिखट, हसवण्यात पटाईत. त्याच्या जिभेपायी बीबीसीला अनेकदा माफी मागावी लागली होती आणि २०१४मध्ये त्याला शेवटची ताकीदही मिळाली होती. ४ मार्च २०१५ला चित्रीकरण आटोपून मंडळी यॉर्कशायरमधल्या एका हॉटेलात उशिरा पोचली. स्वयंपाकघर बंद झालेलं. गरम जेवण मिळेना, थंड पदार्थांवर भागवायची वेळ आली. क्लार्कसन भडकला. ओइसिन टायमन नावाच्या निर्मिती साहाय्यकाला त्यानं वाटेल ते बोलून घेतलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. ओठ सुजला, रक्त आलं. टायमननं उलट हात उगारला नाही. तो स्वतःच गाडी चालवत इस्पितळात गेला. आपली नोकरी गेली असंच त्याला वाटत होतं! मार त्यानं खाल्ला आणि नोकरीची धास्तीही त्यालाच.

बीबीसीनं १० मार्चला क्लार्कसनला निलंबित केलं. आणि मग लोकांचा पूर आला. 'क्लार्कसनला परत आणा' या अर्जावर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. २० मार्चला तो अर्ज चक्क रणगाड्यासारख्या लष्करी गाडीवरून बीबीसीच्या दारात नेण्यात आला. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनीही त्याची तारीफ केली आणि कार्यक्रम बंद पडला तर माझी मुलं फार हिरमुसतील असं सांगितलं. पंतप्रधान झाला तरी बापच तो.

पण त्या १० लाख सह्या करणाऱ्यांपैकी त्या रात्री हॉटेलात किती जण होते? बोटांवर मोजण्याइतकेही नसतील. म्हणजे सह्या कशाच्या होत्या? 'आम्हाला हा माणूस आवडतो' एवढ्याच. त्यात खोटं काही नाही. फक्त प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता, त्यानं मारलं की नाही.

ते शोधायला बीबीसीनं आपल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याला नेमलं. त्यानं दोघांना विचारलं, तिथं हजर असलेल्यांना विचारलं. निष्कर्ष निघाला, की कुरापत नसताना मारहाण झाली, ती साधारण अर्धा मिनिट चालली, आणि शिवीगाळ त्याहून बराच वेळ. क्लार्कसनच्या बाजूचं जे होतं तेही त्यात लिहिलं. झाला प्रकार त्यानं स्वतःच वरिष्ठांना कळवला होता आणि टायमनची माफी मागायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता. २५ मार्चला बीबीसीचे महासंचालक टोनी हॉल यांनी जाहीर केलं, की त्याचा करार पुढं वाढवणार नाही. मोठ्याला एक नियम आणि धाकट्याला दुसरा, असं चालणार नाही, असं त्यांच्या निवेदनाचं सार होतं. कार्यक्रमातून बीबीसीला भरपूर पैसा मिळत होता, तरी त्यांनी हे केलं.

यातली सर्वांत वाईट गोष्ट पुढं आहे. लोकांचा राग निघाला तो टायमनवर. ज्यानं मार खाल्ला त्यालाच 'तुझ्यामुळं आमचा कार्यक्रम गेला' म्हणून शिव्या, धमक्या! त्यानं तर रीतसर तक्रारसुद्धा केली नव्हती. शेवटी क्लार्कसनलाच सांगावं लागलं, की त्याचा काही दोष नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. पुढं २०१६मध्ये क्लार्कसननं जाहीर माफी मागितली आणि भरपाईपोटी टायमनला १ लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली.

काढून टाकलं म्हणजे माणूस संपला, असंही नसतं. क्लार्कसनला दुसऱ्या कंपनीचा मोठा कार्यक्रम मिळाला. माने त्याच वर्षी मराठी 'बिग बॉस'मध्ये गेले आणि अंतिम फेरीपर्यंत टिकले. अर्थात ज्याच्यावर खोटा आळ येतो त्याचं मन आणि अब्रू दोन्ही पोळतात, हेही विसरू नका. चौकशी जशी मार खाल्लेल्यासाठी लागते, तशी आळ आलेल्यासाठीही लागते.

आता पुणतांब्याच्या मैत्रिणी, तुझ्याच गावातलं एक उदाहरण देतो. १ जून २०१७ला तुमच्या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरात पाठवायचा नाही असं ठरलं आणि सगळ्या वाहिन्यांवर पुणतांब्याचं नाव झळकलं. तू तेव्हा लहान होतीस. घरच्यांना विचार, टीव्हीवर दिसलं तेवढंच आपलं पुणतांबं होतं का? घरातली ओढाताण, कर्जाचा हिशोब, रात्री उशिरापर्यंतचे वाद, हे सगळं त्या चौकटीत मावलं का? गाव जर मावत नाही, तर माणूस कसा मावेल? पडद्यावरचा विलास पाटील वेगळा आणि ते काम करणारा नट वेगळा. हसवणारा निवेदक आणि रात्री उपाशीपोटी भडकलेला माणूस मात्र एकच असू शकतो.

आणखी एक गोष्ट तर तुमच्या गोदाकाठीच आहे. चांगदेवांची समाधी! वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शेकडो शिष्यांसह ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले अशी कथा आहे. त्याआधी त्यांनी पत्र पाठवलं होतं ते कोरं. ज्ञानेश्वर वयानं लहान, ज्ञानानं मोठे, मग आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे त्यांना सुचेना. ते कोरं पत्र बघून चिमुकली मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा योगी कोराच राहिला! एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा मुलीनं असं बोलायचं? पण चांगदेवांनी आपल्या शिष्यांचा जमाव तिच्या अंगावर सोडला नाही. ती बोलली त्यात तथ्य आहे का, ते पाहिलं. वाघावरून उतरले आणि पुढं तिलाच गुरू मानलं.

दोस्तांनो, ही गोष्ट टीव्हीपुरती नाही. तुमच्या वर्गात एखादा फर्मास मुलगा असेल. क्रिकेटमध्ये पहिला, नकला करण्यात पहिला, सरांचा लाडका. उद्या एखादा गप्प राहणारा मुलगा येऊन म्हणाला, 'त्यानं मला मारलं,' तर वर्ग काय म्हणेल? 'हॅ! तो असं करणारच नाही. तूच काहीतरी केलं असशील.' झालं, तो मुलगा परत कधी बोलणार नाही. आणि उद्या ही वेळ तुमच्यावर आली, समोरचा माणूस सगळ्यांचा आवडता असला, अगदी मोठा, घरातला असला, तर तुम्ही तरी बोलाल का? म्हणून ऐकून घ्यायची सवय आत्तापासून लावायची. तुमच्या स्वतःवरच अशी पाळी आली आणि जवळचं कुणी ऐकेना, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट लागतो. तो पाठ करून ठेवा.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला जो आवडतो तो खुशाल आवडू दे. त्याचा जुना कार्यक्रम बघून हसू आलं तर हसावं. पण त्याच्या बाजूनं बोलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचार. मी हे स्वतः पाहिलंय की कुणाकडून ऐकलंय? ज्याला लागलं असं म्हणतात, त्याचं म्हणणं मी ऐकलंय का? आणि हीच गोष्ट मला न आवडणाऱ्या माणसानं केली असती, तर मी काय म्हटलं असतं? तिन्हींची उत्तरं धड मिळेनात, तर आई आणि मामा दोघांनाही सांग, 'चौकशी होऊ द्या, मग बोलू.' असं म्हणायला थोडं धाडस लागतं, कारण तेव्हा दोन्ही पार्ट्या तुझ्यावर रागावतात. रागावू देत. ताटातली भाकरी तरी गरम असताना खाऊन होईल!

तुमच्या वर्गात असं काही घडलं असेल तर जरूर कळवा. नावं लिहू नका, काय घडलं आणि शेवटी खरं काय निघालं तेवढं लिहा. निवडक पत्रांवर याच पानावर गप्पा मारू.