मॅनेजर बाईंचा पगार झाकून का ठेवतात?

राष्ट्रीयीकृत बँकेतील स्केल तीनच्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन किती, वार्षिक वाढ किती, महागाई भत्ता किती, हे शिपायापासून महाव्यवस्थापकापर्यंत सर्वांना ठाऊक असते. ते छापील असते. त्या खुर्चीवर कांबळेबाई बसल्या काय किंवा कुलकर्णी साहेब बसले काय, वेतनश्रेणी तीच. 2013 साली अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या पदाचा पगार बाई पाहून कमी ठरवण्याची सोय कोणालाही नव्हती.

आता खासगी कंपनीची पायरी चढून पाहा. तेथे मॅनेजरचा पगार बंद पाकिटात असतो. आपला पगार कोणाला सांगू नये, अशी अट अनेक ठिकाणी नेमणूकपत्रातच घातलेली असते. मुलाखतीत विचारतात, ‘आधीच्या ठिकाणी किती मिळत होते?’ त्या आकड्यावर काही टक्के चढवून नवा आकडा ठरतो. म्हणजे पहिल्या नोकरीत बाईला कमी दिले गेले असेल, तर तो कमीपणा तिच्याबरोबर नोकरी-नोकरीने चालत राहतो. बाळंतपणासाठी दोन वर्षे घरी बसली, तर परत येताना तिच्या हातात जुनाच आकडा असतो.

यात आपल्या मुलीची अडचण दुहेरी आहे. उच्चवर्णीय घरातील मुलीचा काका किंवा मामा अशाच कंपनीत वर बसलेला असतो. या जागेला काय देतात, हे तो तिला जेवताना सांगतो. ज्या वस्तीतून पहिल्यांदाच कोणी व्यवस्थापनाची पदवी घेऊन बाहेर पडले, तिथे हे कोण सांगणार? भाव माहीत नसलेला शेतकरी मोंढ्यावर माल घेऊन गेला की त्याचे काय होते, हे मराठवाड्यातील वाचकाला सांगायला नको.

यावर प्रस्थापितांचे एक ठरलेले उत्तर असते: बायकांना मागता येत नाही. हे उत्तर खोटे आहे. बीबीसीच्या चीन संपादक कॅरी ग्रेसी यांचे प्रकरण पाहा. चिनी भाषा जाणणारी, तीन दशकांचा अनुभव असलेली ही पत्रकार. 2013 मध्ये पद स्वीकारतानाच तिने पुरुष सहकाऱ्यांइतके वेतन मागितले होते. पुढे जुलै 2017 मध्ये बीबीसीला दीड लाख पौंडांहून अधिक मिळवणाऱ्यांची यादी जाहीर करावी लागली. त्या यादीत अमेरिकेचे संपादक असलेल्या पुरुषाचे नाव दोन लाखांच्या वर होते आणि ग्रेसी यांचे नावच नव्हते. त्यांना पगारवाढ देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली, कारण त्यांची मागणी वाढीची नव्हती, समानतेची होती. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी ते पद सोडले. जूनमध्ये बीबीसीने माफी मागून मागील फरक दिला आणि तो सगळा पैसा त्यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकला. मागणी तर पहिल्या दिवसापासून होती. यादी उघडी पडली तेव्हा तिला धार आली.

त्याच जानेवारीत ईझीजेट या विमान कंपनीचे नवे प्रमुख योहान लुंडग्रेन यांनी आपला पगार 7 लाख 40 हजारांवरून 7 लाख 6 हजार पौंडांवर आणून घेतला. त्यांच्या आधीच्या प्रमुख कॅरोलिन मॅकॉल यांना तेवढाच मिळत होता. 250 आणि त्याहून अधिक नोकर असलेल्या मालकांनी स्त्री-पुरुष वेतनातील तफावत जाहीर करावी, असा नियम ब्रिटनमध्ये 2017 साली आला होता. हे दातृत्व त्या नियमाच्या उजेडात सुचले, हे विसरू नये.

आपल्या मुंबईतही हा लढा झाला आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोंना एक वेतनश्रेणी, ‘लेडी स्टेनों’ना दुसरी, कमी. कंपनीचा बचाव असा की बायका वरिष्ठ साहेबांशी जोडलेल्या आहेत, त्यांचे काम वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 1987 रोजी हा बचाव फेटाळला. आर्थिक ऐपत नाही ही सबबही ऐकली नाही. ही तफावत 1975 च्या ज्या करारातून आली, तो युनियनशी झालेला करार होता, हे आपल्या कामगार पुढाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. पण डिकोस्टाबाईंच्या हाताशी एक गोष्ट होती. दोन्ही श्रेणी कागदावर होत्या. आजच्या मॅनेजर बाईकडे तो कागद नाही.

कायदा मात्र आहे. 1976 च्या समान वेतन कायद्याची जागा घेणारी वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यातील ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकीय काम करणाराही येतो. पण शेजारच्या केबिनमधल्या पुरुषाचा पगारच कळत नसेल, तर बाईने तक्रार कशाच्या आधारावर करावी? शिवाय समान वेतनाच्या हिशेबात घरभाडे धरले जाते, कमिशन धरले जात नाही. विक्री विभागाच्या प्रमुखांची मोठी कमाई कशातून होते, हे सर्वांना माहीत आहे.

सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना संचालक, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, इतर कर्मचारी आणि कामगार अशा चार गटांत स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार, म्हणजे रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्याचा पगार, द्यावा लागतो. चांगली गोष्ट आहे. पण ‘इतर कर्मचारी’ या एकाच पोत्यात कालचा शिकाऊ इंजिनीअर आणि वीस वर्षे खपलेली विभागप्रमुख एकत्र भरली जाते. मॅनेजरांमधली तफावत त्या पोत्यात नाहीशी होते. आणि या तक्त्यात जातीचा रकानाच नाही! म्हणजे दलित स्त्री मॅनेजर नावाची कोणी व्यक्ती कंपनीत आहे की नाही, हेही त्यातून कळत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1944 साली मध्यवर्ती कायदेमंडळात, कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले होते. युद्धकाळात स्त्रियांना खाणीत पाठवण्यावर टीका होत होती, त्या चर्चेतले हे उत्तर. पुढे समान कामाला समान वेतन हे तत्त्व घटनेच्या कलम 39 मध्ये आले. वेतनश्रेणी ही त्या तत्त्वाला लाभलेली कुंपणाची भिंत होती. बढतीबरोबर बदली येते आणि म्हणून सरकारी बँकेतही अनेक बायका वरच्या पायऱ्या सोडतात, हे खरे. तो वेगळा लढा आहे. पण आता सरकारी बँकाही काही विशेषज्ञ अधिकारी करारावर, बोलणी करून ठरवलेल्या पगारावर घेत आहेत. भिंतीला आतूनच भगदाड पडते आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक मोठ्या कंपनीने व्यवस्थापनाच्या प्रत्येक पायरीवरचे वेतन स्त्री-पुरुषवार, तसेच अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गवार जाहीर करावे. कमिशन आणि बक्षिसी धरून. जी कंपनी ते देणार नाही, तिला सरकारी कंत्राट मिळू नये. मुलाखतीत मागचा पगार विचारण्यास बंदी असावी. आणि हा कायदा होईपर्यंत खासगी नोकरीत असलेल्या आपल्या लेकी-सुनांनी, आणि मुलांनीही, आपापला पगार एकमेकांना सांगायला सुरुवात करावी.