आजीचे माहेरचे नाव

अमझेरा हे धारच्या पश्चिमेचे, सरदारपूर तहसिलीतले गाव. १८५७ च्या उठावात तिथला राठोड राजा बख्तावरसिंह इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात त्याला फाशी दिली गेली आणि अमझेरा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाकडे गेले. शेजारी धार आणि देवास ही पवारांची राज्ये होती, पलीकडे होळकरांचे इंदूर. दरबारच्या चाकरीसाठी माळव्यात आलेली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. १९२५ च्या सुमारास अमझेऱ्यात जन्मलेली मुलगी ग्वाल्हेरची प्रजा होती. १९४८ साली ती मध्य भारताची रहिवासी झाली, १९५६ साली मध्य प्रदेशाची. नव्वदी गाठलेल्या अशा बाईने गाव न सोडता तीन राजवटी पाहिल्या. ती गेल्यावर मागे लिहिले जाते ते मात्र बहुधा एवढेच, की ती प्रेमळ, कष्टाळू आणि देवभोळी होती. हे खरेच असते, पण त्यावरून ती कोण होती ते कळत नाही.

विसर पडायला सुरुवात लग्नातच होते. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, आणि सोळा-सतरा वर्षे हाक मारलेले नाव त्या दिवशी संपते. नवे नावही फारसे वापरात येत नाही. दीर तिला वहिनी म्हणतात. एकत्र कुटुंबात ते ऐकून तिची स्वतःची मुलेही तिला वहिनीच म्हणू लागतात. पुढे ती काकू होते, माई होते, अक्का होते, शेवटी सगळ्यांची आजी. या प्रत्येक हाकेत माया आहे आणि हे नातेच तिचे वैभव आहे. मात्र ही सगळी नावे दुसऱ्या कोणाच्या तरी संदर्भाने पडलेली असतात. श्राद्धात आई, आजी आणि पणजी अशा तीन पिढ्यांच्या स्त्रियांची नावे गोत्रासह उच्चारली जातात; तीही सासरची. चौथ्या पिढीला तेही नाव उरत नाही. छापील कुलवृत्तांतही बहुधा पुरुषांच्या वंशवेलीवर उभे असतात. लेक सासरी गेली की तिची फांदी तिथेच थांबते.

घराण्याचे राज्य वाचवणाऱ्या बाईचीही यातून सुटका झाली नाही. धारचे आनंदराव पवार १८०७ साली वारले तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. घरातल्याच प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने त्या मांडूला गेल्या आणि तिथे त्यांना मुलगा झाला. तो लहानपणीच दगावला, तेव्हा त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. शिंदे आणि होळकर यांच्या फौजा मुलूख लुटत होत्या, पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालू होता. १८१९ साली इंग्रजांशी तह होईपर्यंत धारचे राज्य जेवढे उरले, ते या बाईंच्या धैर्याने आणि व्यवहारचातुर्याने. माळव्यात कारभार केलेल्या जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांची नावानिशी दखल घेतली. १९११ सालच्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातही हे श्रेय त्यांना दिले आहे, पण तिथे त्यांचे नाव नाही. पाचव्या राजाची दत्तक आई एवढीच तिथली ओळख.

अहिल्याबाई होळकरांची गोष्ट वेगळी झाली, आणि ती का झाली हे पाहण्यासारखे आहे. १७२५ साली चौंडीला जन्म, १७९५ साली महेश्वरला मृत्यू. सत्तर वर्षांचे आयुष्य. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ साली गेले, मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी. जावई वारल्यावर १७९१ साली मुलगी मुक्ताबाई सती गेली. घरातली जवळची माणसे एकेक करून पोचवून ही आई मागे उरली आणि अखेरपर्यंत कारभार पाहत राहिली. हे सारे सनावळीसह सांगता येते, कारण कागद राहिले. सासऱ्यांनी सुनेला लष्करी कामांबद्दल लिहिलेली पत्रे आहेत, महेश्वर दरबारातून पुण्याला गेलेली बातमीपत्रे आहेत. ‘पुण्यश्लोक’ ही पदवी लोकांनी भक्तीने दिली, घाट आणि देवळे आजही उभी आहेत. तरीही अहिल्याबाई माणूस म्हणून दिसतात त्या या कागदांत, निर्णय घेताना.

सामान्य घरातल्या बाईकडे दरबार नसतो, पण निर्णय असतात. कोणत्या मुलीला इंदूरला शिकायला पाठवायचे, पाटल्या कधी मोडायच्या, विधवा नणंदेला घरात कसे सांभाळायचे, वाटण्या कशा करायच्या, हे तिने ठरवलेले असते. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर नकोत, असा यावर आक्षेप येतो. भांडणे आणि दुखणी झाकली तरी हरकत नाही. पण तिने काय ठरवले आणि का ठरवले, हे झाकण्यात तिचा मान नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून संसारातले कडू-गोड दोन्ही सांगितले. त्या लिहित्या झाल्या म्हणूनच जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका आणि टिळकांची लक्ष्मी ही एकच बाई आहे, हे आज मराठी वाचकाला ठाऊक आहे.

परदेशातल्या मराठी घरांत आजीची हकीकत टिपून ठेवण्याची निकड जास्त आहे. अमझेऱ्याची किंवा देवासची आजी सहा महिन्यांसाठी येते. तिच्या पासपोर्टवर सासरचे नाव असते, आणि जन्मतारीख पुष्कळदा शाळेत घालताना अंदाजाने सांगितलेली. खरी तिथी तिला पाठ असते: कोणत्या सणाच्या आधी, कोणत्या पुरानंतर. तिच्या मराठीत माळवी मिसळलेली असते, स्वयंपाकात पुरणपोळीइतकेच बाफले मुरलेले असतात. नातवंडांना ती भाषा अर्धीमुर्धी कळते आणि मधली पिढी दिवसभर कामावर असते. ती परत गेली की विचारायचे राहून जाते.

परदेशातल्या मराठी मंडळाच्या अंकात श्रद्धांजलीला जागा असतेच. तेवढीच जागा हयात आजींच्या नोंदीला मिळावी. नोंदीचा आरंभ माहेरच्या नावाने आणि गावाने व्हावा. पुढे तिची तिथी, तिच्या आईचे नाव, राहिलेली घरे आणि तिने घेतलेले एक-दोन निर्णय तिच्याच शब्दांत यावेत. मोबाइलवर तिचा आवाज तासभर ध्वनिमुद्रित केला तरी एवढे सहज होते. ज्या घरात आजी आहे, तिथे हे काम याच मुक्कामात व्हावे.