एम.एस्सी. गणित, मुक्काम गडचिरोली

२०११मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांचे नागपूरचे हेलपाटे कमी झाले. तरी सिरोंचा गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरच्या पुढेच. आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद.

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, वही-पेन पुरे, असं म्हणतात. अर्धंच खरं! टोपॉलॉजीतली सिद्धता तिसऱ्या ओळीवर अडली की शेजारी डोकं लावणारं कुणीतरी लागतंच. म्हणून या अंकात आम्ही यशोगाथा टाळून अडचणींनाच जागा दिली आहे. खोलीभाडं, इंग्रजी पुस्तकं, नेट-सेटची तयारी यांवर विद्यार्थ्यांकडूनच लिहून घेतलं आहे. तुमची गाडी कुठे अडली होती, कुणी सोडवली? जरूर कळवा.