आठ बाय चारची मर्यादा

चातुर्मासात व्यापारी घराची संध्याकाळ लवकर सुरू होते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेले असते, प्रतिक्रमण होते, लांबचा प्रवास शक्यतो टाळलेला असतो. रात्री आठच्या सुमारास घरातील सर्व माणसे एका छपराखाली असतात. प्रत्येकाच्या हातात मात्र वेगळा मोबाइल असतो. अशा एखाद्या संध्याकाळी चिंचवड किंवा आकुर्डीच्या घरातील नातू म्हणतो, ‘मला खोलीत रेल्वे बांधायची आहे.’ चावी देऊन फिरवायचे खेळणे त्याला नको असते. त्याला हवे असतात रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, बोगदा आणि वेळापत्रकाने धावणारी गाडी. आजोबांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘अनर्थदंड’.

हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अनर्थदंडविरमण हे एक गुणव्रत आहे. निष्प्रयोजन हिंसा, निष्प्रयोजन खटाटोप, प्रमाद यांपासून दूर राहणे हा त्याचा आशय. पैसा, वीज आणि सुट्टीचे दिवस खर्चून शेवटी एक गाडी गोल फिरणार असेल, तर प्रयोजन कोणते, हे विचारण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांना आहेच. छंदाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘मुलांची बुद्धी वाढते’ असे ठोकळेबाज उत्तर देऊन सुटका करून घेऊ नये.

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. पिंपरी-चिंचवडपासून तासाभराच्या अंतरावर, पुण्यात कोथरूडला, जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. ते उभारणारे भाऊ जोशी हे उद्योजक. ‘सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स’ हा त्यांचा व्यवसाय. लहान रेल्वेचे वेड त्यांनी व्यवसाय सांभाळूनच जोपासले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी कायमचे खुले केले. तेथे एक संपूर्ण शहर मांडलेले आहे. वाफेची इंजिने, वेगवान गाड्या, उतारावरून डबे सोडून त्यांची वर्गवारी करणारे यार्ड, डोंगर चढणारी गाडी, अधांतरी लटकत जाणारी गाडी, आणि या सगळ्याच्या अवतीभवती सर्कस व जलतरण तलाव. खेळ सुरू असताना सभागृहातील प्रकाश हळूहळू मंद होतो, शहरावर रात्र येते आणि घराघरांतून दिवे लागतात. दर्शकांपैकी मोठी माणसेच अधिक गप्प होतात, हे तेथे गेलेल्या कोणालाही दिसते.

तरीही असा खेळ पाहून बाहेर पडलेले कुटुंब हमखास एक चूक करते. घरी परतताना वाटेतच ‘आपणही असेच करू’ असे ठरते. महिनाभरात इंजिनांची, डब्यांची, इमारतींची खरेदी होते. त्यानंतर कपाटात बंद खोक्यांची चळत उभी राहते आणि जमिनीवर एक फूटही रूळ पडलेला नसतो. अनर्थदंडाची शंका खरी ठरते ती येथे, आणि तिच्याबरोबर परिग्रहही येतो. म्हणून रचनेचा पहिला दिवस दुकानात नव्हे, वहीसमोर घालवावा. किती जागा, किती रक्कम, किती डबे, हे खरेदीपूर्वी लिहून ठेवावे. परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावकही हेच करतो. वस्तू घरात आल्यावर मर्यादा ठरवण्याला काही अर्थ नसतो.

मर्यादेचा खरा धडा मात्र गणित देते. जगभर घरगुती रेल्वेसाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण म्हणजे एचओ, अर्थात १:८७. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्याची लांबी साधारण २२ मीटर. या प्रमाणात तो सुमारे २५ सेंटिमीटरचा होतो. इथपर्यंत सर्व ठीक वाटते. पण एक किलोमीटर अंतर या प्रमाणात साडेअकरा मीटर भरते. म्हणजे पिंपरीहून निघालेल्या गाडीला चिंचवडला नेऊन उभे करायचे, तर दोन बेडरूमचे घर ओलांडून सोसायटीच्या जिन्यावर रूळ टाकावे लागतील. पुणे-लोणावळा लोकल मार्ग सुमारे ६४ किलोमीटरचा. तो संपूर्ण मांडायला ७०० मीटरहून अधिक लांबी लागेल.

म्हणून निवड करावीच लागते. दिग्व्रतात मनुष्य ‘या दिशेला इतक्या अंतरापलीकडे जाणार नाही’ असे ठरवतो. येथेही तसेच काहीसे ठरवावे लागते. कासारवाडी नको, देहूरोड नको, तळेगाव तर नकोच. एक चिंचवड स्थानक, त्याचा एक फलाट, मालधक्क्याकडे जाणारी एक बाजूची ओळ, आणि घाटाची आठवण देणारा एक बोगदा. एवढे नीट उतरले तर पाहणारा उरलेली स्थानके मनाने भरतो. बारा डब्यांची लोकलही हवी असे नाही. चार डबे पुरतात.

प्लायवुडचा बाजारात मिळणारा तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा असतो आणि बहुतेक घरगुती रेल्वे याच एका तक्त्यावर उभ्या राहतात. चार फूट रुंदीत वळणाची त्रिज्या २१-२२ इंचांपर्यंत बसते. लांब भारतीय डब्यांना त्याहून तीव्र वळण दिले तर ते शोभत नाहीत आणि घसरतातही. तक्ता भिंतीला टेकवून कायमचा ठेवू नये. मागच्या कडेपर्यंत हात पोहोचत नाही आणि गाडी नेमकी तेथेच घसरते. पायांना चाके बसवली की प्रश्न सुटतो, शिवाय पाहुणे आले की संपूर्ण रेल्वे गॅलरीत सरकवता येते. ही सोय गृहिणींच्या बाजूने विचार करता सर्वांत महत्त्वाची आहे.

चढाच्या बाबतीत हौशी मंडळी लोभाला बळी पडतात. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायचा तर सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची गाठावी लागते. बोरघाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. त्याच हिशेबाने साडेसात सेंटिमीटर चढायला पावणेतीन मीटरहून थोडे अधिक अंतर लागते आणि उतरायला तेवढेच. दोन्ही मिळून साडेपाच मीटर झाले, आणि आठ बाय चारच्या तक्त्यावरील पूर्ण फेराच मुळी सुमारे सहा मीटरचा! स्थानकासाठी सपाट जागा उरतच नाही. पुणे-खंडाळा मार्ग १८५८ साली सुरू झाला, पण घाट पूर्ण होऊन मुंबईशी सलग रूळ जोडला जायला १८६३ साल उजाडले. घाट चढताना एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटवावी लागे. आजही कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. ज्या चढाने खऱ्या रेल्वेला इतके सतावले, तो पहिल्याच वर्षी घरात बांधण्याचा हट्ट धरू नये. सपाट तक्ता आणि थर्माकोलचा डोंगर पुरे.

विजेचे कामही व्यापाऱ्याच्या मुलाला लवकर समजते. साध्या पद्धतीत दोन रुळांपैकी एक जमेचा, दुसरा नावेचा. त्यांतून बारा व्होल्टचा प्रवाह इंजिनाच्या मोटारीला मिळतो. बाजू बदलली की गाडी उलटी धावते. एकच सावधगिरी बाळगावी लागते. रूळ वळवून त्याच मार्गाला परत जोडला, तर जमेची बाजू नावेला भिडते आणि सगळा व्यवहार तत्काळ ठप्प होतो. अशा वळणावर रुळांत फट ठेवून तो तुकडा वेगळा काढावा लागतो. बारा व्होल्ट निरुपद्रवी आहेत. पण भिंतीतून येणारे २३० व्होल्ट तसे नाहीत. तेवढी जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

जैन घरात आणखी काही प्रश्न उभे राहतात, ज्यांची चर्चा छंदाच्या परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. पूर्वी सुतारकामात सरस वापरत, तो प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतो. आज बाजारात सर्रास मिळणारा पांढरा डिंक कृत्रिम राळेचा असतो. रूळ, खडी, झाडे सर्व काही त्यावर चिकटते. रंगाचे ब्रश केसांचे न घेता नायलॉनचे घ्यावेत. रुळांखाली अंथरायची खडी म्हणून नदीची वाळू आणण्यापेक्षा ग्रॅनाइट कापणाऱ्याकडची चुरी चाळून घ्यावी. आणि पावसाळ्यात रात्रीचे दिवे लावून खेळ दाखवायचा मोह झाला, तर खिडक्यांना जाळी हवी. छोट्या दिव्यांवरही किडे येतात, आणि तेथे आजोबांचा आक्षेप पुन्हा शंभर टक्के खरा ठरतो.

या परिसराचे स्वतःचे असे एक वाहन रचनेत अवश्य असावे. चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आहेत, पण तेथवर रेल्वे पोहोचलेली नाही. रस्त्याने आलेल्या मोटारी चिंचवडच्या मालधक्क्यावर डब्यांत चढतात आणि दूरदूरच्या राज्यांकडे निघतात. हे डबे मुळात प्रवाशांचेच असतात. वय झाल्यावर त्यांची आसने काढून, खिडक्या बंद करून, टोकाला दारे बसवून रेल्वे त्यांना मोटारी वाहायला लावते. एनएमजी या नावाने ते ओळखले जातात. घरच्या रेल्वेत एखादा डबा मोडला, खिडकी फुटली, तर तो फेकू नये. खिडक्यांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवाव्यात, रंग द्यावा, टोक कापून दार करावे. टाकाऊतून झालेला हा डबा नव्या, महागड्या डब्यांपेक्षा अधिक खरा दिसतो, कारण खऱ्या रेल्वेनेही तो असाच घडवला आहे.

लहान आकारात विश्व मांडण्याची ओढ आपल्या समाजाला नवी नाही. अजमेरच्या सोनी कुटुंबाने १८६५ साली बांधलेल्या मंदिरात पुढे १८९५ साली सुवर्णनगरी साकारली. सोन्याचा मुलामा दिलेली अयोध्या, मेरू पर्वत, छतापासून लटकणारी विमाने. हस्तिनापूरला जंबूद्वीपाची रचना आहे. शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते, आणि कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही ते शत्रुंजयाच्या पटासमोर उभे राहून भावयात्रा करतात. तेथे श्रद्धा आहे, येथे केवळ छंद. दोन्हींना एका तराजूत घालणे अयोग्य होईल. पण कारागिरीपुरते बोलायचे तर विस्तार आटोपता घेऊन त्याचा गाभा सांभाळण्याची दृष्टी दोन्हीकडे लागते, आणि ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आजोबांचा प्रश्न राहतोच. त्यावर घराघरांत निरनिराळे तोडगे निघू शकतील. एक साधा तोडगा असा की वही आजोबांच्या हाती द्यावी. रूळ किती आले, किती लागले, कोणत्या महिन्यात किती रक्कम गेली, याची नोंद त्यांनी ठेवावी आणि ठरलेली रक्कम संपली की त्या वर्षाचे काम थांबवावे. दुकानातून उरलेले खिळे, तारा, पुठ्ठे यांची किंमत लावायची की नाही, यावर आजोबा-नातवात वाद होईल. तो होऊ द्यावा. तारा जोडण्याचे काम मुलींकडे गेले तर सहसा चांगले होते, कारण त्या घाई करत नाहीत. आणि भोसरीत किंवा चाकणमध्ये ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे, त्यांनी सिग्नलचा खांब बाहेरून विकत आणण्यापेक्षा मुलाला एक दिवस यंत्रावर उभे करून पितळी तारेचा खांब करायला लावावा. वडिलांचा धंदा काय आहे, हे त्याला त्या दिवशी कळेल.

कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास हवा कोरडी होते. चार महिन्यांच्या दमटपणाने प्लायवुडचे स्क्रू थोडे सैल झालेले असतात, रुळांवर मळ धरलेला असतो आणि गाडी दर दोन फुटांवर अडखळते. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ एका दिशेने पुसावेत, वळणे दोनदा पुसावीत, मग इंजिनाची चाके पुसावीत. त्यानंतर चार डब्यांची लोकल बोगद्यातून सोडून पाहावी. ती चिंचवडच्या फलाटाशी न अडखळता थांबली, तर मालधक्क्यावरचा खिडक्या बुजवलेला जुना डबा जोडून दुसरी फेरी घ्यावी.